कॉफी म्हणजे कोर्ट नव्हे

खिरबत अल-लोझ
१२ सप्टेंबर १९९३

दिरार,

हे पत्र अबू रातिबच्या बसबरोबर पाठवतेय. दवाखान्यातल्या फोनवरून अम्मानला बोलायचं म्हणजे अख्ख्या गावाला निमंत्रण. कंपाउंडर तर मधे मधे सल्लाही देतो.

नायफचा चाळिसावा होऊन गेला. भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, बायकांनी घर धुऊन दिलं. तू मागे विचारलंस, कशी आहेस, म्हणून सांगते. मला काही होत नाही. शाळेत जाते, चौथीला भागाकार शिकवते, घरी येऊन डाळ टाकते. दातांचा डॉक्टर सुई देतो ना, त्यानंतर गालाला हात लावून बघावा तसं चाललंय. गाल आपलाच असतो, हेही माहीत असतं. सख्खा भाऊ गेला आणि बहिणीच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं बायका माझ्यासमोरच म्हणतात. म्हणोत.

बाबा बोलत नाहीत. सकाळी उठतात, कॉफी भाजतात, कुटतात, किटली निखाऱ्यावर ठेवतात आणि अंगणात तुतीखाली बसतात. लोक येतात, "अबू नायफ, कसे आहात?" विचारतात. नायफचा बाप म्हणूनच हाक मारतात अजून, दुसरी कुठली मारणार? बाबा प्याला भरून पुढे करतात आणि म्हणतात, "प्या." दिवसभरात तेवढा एकच शब्द.

आता कामाचं. यंदा निवडणुकीला उभ्या असलेल्या हाज फलाहकडून निरोप आलाय. त्याच्या भाच्याने पाण्याचा टँकर नायफच्या मोटरसायकलवर घातला, त्याची माफी मागायला ते जाहा घेऊन येणार म्हणे. गावोगावचे पन्नास वजनदार म्हातारे आणतील. भाच्याकडे लायसन्स नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पोलिसांनी लिहिलंय, ब्रेक निकामी झाले. मला बाकी काही नको. कोर्टात कुणीतरी उभं राहून मोठ्यांदा सांगावं, की ब्रेक ठीक होते आणि पोरगा शर्यत लावत होता. एकदा. सगळ्यांसमोर.

तुमच्या पक्षाच्या पत्रकात तूच लिहिलंयस, "जाहाचा पुढारी प्याला खाली ठेवतो, मागणं मागतो, यजमान 'प्या' म्हणतो, आणि माणसाच्या जिवाचा निकाल लागतो. कॉफी म्हणजे कोर्ट नव्हे." नायफ त्या दिवशी याच ओळींचं पोस्टर हमरस्त्यावर चिकटवून घरी येत होता. गाव हसायचं त्याला. म्हणायचं, तुमचा नागरिक पक्ष एका टॅक्सीत मावतो आणि ड्रायव्हरही बाहेरचा लागतो. तो म्हणायचा, मावू दे, टॅक्सी चालली पाहिजे.

मला भीती एकच आहे. बाबांच्या तोंडात तोच एक शब्द उरलाय. जाहा येईल त्या दिवशी तू ये आणि त्यांच्या उजव्या हाताला बस. ते चुकले तर तू त्यांचा हात धर. बायकांना तिथे बसता येत नाही, नाहीतर मीच बसले असते. तू या घरात वाढलास, तुझ्या आईवडिलांच्या माघारी तुला बाबांनीच वाढवलं. दुसऱ्या कुणाला सांगू?

तमाधुर

अम्मान
२० सप्टेंबर १९९३

काकांच्या लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऑफिसात नायफचा फोटो लावलाय, माझ्या टेबलासमोरच. आत शिरणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघतो. तू रडली नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. शोक काय वेळापत्रक बघून येतो?

इकडे धावपळ विचारू नकोस. आमचे सगळे मिळून तीन उमेदवार, त्यात मी एक. छापखानेवाला रोज नवं कारण सांगतो. काल सभेला गेलो तर मांडवात आम्हीच जास्त आणि ऐकणारे कमी. त्यातले दोघे सावलीला आले होते. तरी मला वाटतं, या वेळी एक जागा आली ना, एकच, तरी संसदेत उभं राहून बोलता येईल. नायफ ज्यासाठी भिंती रंगवत फिरला ते बोलता येईल. नाहीतर आपलं सगळं बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

जाहाबद्दल एक सांगू? रागावू नकोस. दार एकदम लावू नका. ऐकून घ्यायला काय जातं? कोर्टाचं तुला माहीत नाही, मी रोज बघतो. साक्षीदार फुटतात, तारखा पडतात, बाप म्हातारा होतो. सरकारतर्फे खटला तसाही चालेलच, कुटुंबाने तक्रार मागे घेतली तरी. शिक्षा थोडी कमी होईल इतकंच. मी वकील म्हणून सांगतोय, पक्षाचा माणूस म्हणून नाही.

मी येईनच. काकांना माझा सलाम. औषधं घेतात ना?

तुझा
दिरार

खिरबत अल-लोझ
२९ सप्टेंबर १९९३

दिरार,

औषधं घेतात. तू वकील म्हणून सांगितलंस ते वकिलाकडून ऐकलं. आता घरचा माणूस म्हणून ये.

जाहा पुढच्या शुक्रवारी, आठ तारखेला, दुपारच्या नमाजानंतर. काल जेवण झाल्यावर मी बाबांसमोर बसले. म्हटलं, बाबा, ते प्याला खाली ठेवतील आणि नायफचा जीव माफ करा म्हणतील. तुम्ही काय म्हणणार? प्याला पुसत राहिले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हणाले, "राहू दे ती कॉफी तशीच. न्यायाधीशाने सांगू दे, मग बघू." दोन महिन्यांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलले. मी दोनदा म्हणवून घेतलं, शाळेतल्या पोरासारखं.

म्हणजे त्यांना काय हवंय ते त्यांना नीट कळतं. फक्त कुणी शेजारी हवं. गर्दी दिसली की ते पुन्हा आत जाऊन बसतात, डोळे उघडे असले तरी.

अबू रातिब म्हणत होता, तुमच्या ऑफिसच्या जिन्यात त्याला हाज फलाहचा मोठा मुलगा दिसला, मिठाईचा डबा घेऊन. मी म्हटलं, तुझे डोळे तपासून घे आणि मग बस चालव. फलाहच्या माणसांना नागरिक पक्षाचा पत्ता तरी माहीत असेल का? गाव काहीही उठवतं.

शुक्रवारी लवकर ये. इथेच जेव.

तमाधुर

अम्मान
५ ऑक्टोबर १९९३

तमाधुर,

घाईत आहे, बस सुटतेय. शुक्रवारी येतो. काकांना सांग, दिरार येतोय.

दिरार

अम्मान
११ ऑक्टोबर १९९३

काकांच्या लेकी,

तू त्या दिवशी बाहेर आली नाहीस. मी निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबलो होतो, आतून काही आवाज आला नाही. म्हणून लिहितोय.

मला माहीत आहे तुला धक्का बसला असेल. मी जाहाच्या म्हाताऱ्यांपुढे चालत आलो हे आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? जाहाला पुढारी असा लागतो, ज्याला दोन्हीकडचे मान देतात. त्यांनी मला विचारलं. मी विचार केला, परका कुणी पुढे बसून काकांवर दडपण आणण्यापेक्षा मी बसलेलं बरं. मी नुसतं मांडणार होतो. निर्णय काकांचा.

आणि काकांचं मन केवढं मोठं! मला तोंड उघडायचीही वेळ आली नाही. मी मागायच्या आधीच त्यांनी दिलं. म्हातारे सगळे रडत होते, तू पाहिलं असशील. हाज फलाहने त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. परतीच्या वाटेवर सगळे म्हणत होते, असा माणूस आता होणे नाही.

फलाहची अम्मानमधली कुटुंबं माझ्या मतदारसंघात आहेत, हे तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगतो. ते मला मतं देणार आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही. ती जागा माझी एकट्याची नाही, नायफचीही आहे. तू शांतपणे विचार केलास तर तुलाही पटेल.

उत्तर लिही. चार ओळी का होईना.

तुझा
दिरार

खिरबत अल-लोझ
२४ ऑक्टोबर १९९३

दिरार,

चार ओळींत बसत नाही. राग आलाय असं समजू नकोस. राग यायला हवा हे कळतं, पण येत नाही. म्हणून जे दिसलं तेवढंच लिहिते.

तुझी चिठ्ठी मी बाबांना वाचून दाखवली. दिरार येतोय. शुक्रवारी पहाटेच त्यांनी दाढी केली, स्वतःहून. तुतीखाली खुर्च्या मांडल्या, तेव्हा उजवीकडची एक रिकामी ठेवली. शेजारचा सख्र बसायला गेला तर हाताने उठवलं त्याला. ही दिरारची, म्हणाले.

मग फाटकातून माणसं आत आली आणि पुढे तू. अंगावर मानकऱ्याचा झगा, अबा. तुझा नव्हता, घोट्यांच्या वरच होता. बाबा उठून उभे राहिले. त्यांना मागची माणसं दिसलीच नाहीत. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना फक्त तू दिसलास. पुढे येऊन तुला जवळ घेतलं, हाताला धरून त्या खुर्चीकडे न्यायला लागले. तू हात सोडवून घेतलास आणि समोरच्या खुर्चीत बसलास. पुढाऱ्याच्या.

त्यांनी स्वतःच्या हाताने प्याला भरून तुला दिला. तू तो खाली ठेवलास. रीतच आहे. बाबांनी त्या प्याल्याकडे पाहिलं आणि तुझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पी, बाळा. लांबून आलास. पी."

तू अजून तोंड उघडलं नव्हतंस, खरंच आहे तुझं. पण तू बाबांकडे बघितलंस. मला जाळीतून दिसलं. ते तुला प्रवासातून आलेल्या पोराला म्हणतात तसं म्हणत होते, हे तुला कळलं. त्या अंगणात ते फक्त तुला आणि मला कळलं. "काका, थांबा, आधी ऐका," एवढंच म्हणायचं होतं. फार लांब वाक्य नाही, तू तर वकील. तू प्याला उचललास. तुझ्यामागे पन्नास प्याले उचलले गेले.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आई म्हणायची, दुसऱ्यांबद्दल. आपल्याच घरात कधी म्हणावं लागेल असं तिला वाटलं नसेल.

तक्रार मागे घ्यायचा कागद फलाहच्या खिशात तयारच होता. बाबांनी सही केली. दिलेला शब्द दिलेला असतो, मग तो कसाही तोंडातून गेलेला असो. सगळे गेल्यावर मला विचारलं, "दिरार का गेला? खुर्चीत बसलाच नाही." मी सांगितलं तू कशासाठी आला होतास. खोटं सांगायला हवं होतं का? मला तेव्हा सुचलं नाही.

तेव्हापासून बाबा कुणाला "प्या" म्हणत नाहीत. कॉफी रोज भाजतात, कुटतात, भरून पुढे ठेवतात आणि गप्प. यजमान म्हणत नाही तोवर पाहुणा कसा पिणार? लोक बसतात, कॉफी निवते, भिंतीच्या कडेला ठेवून उठून जातात. आता येणारेही कमी झालेत. ज्या घरात कधी दार लागलं नाही तिथे दुपारी मांजर झोपलेलं असतं. नायफ गेला तेव्हा बाबांकडे एक शब्द तरी उरला होता.

अबू रातिबची मी माफी मागितली. म्हटलं, तुझे डोळे चांगले आहेत.

तमाधुर

अम्मान
१६ नोव्हेंबर १९९३

तमाधुर,

निकाल रेडिओवर ऐकलाच असशील. हाज फलाह तिकडून निवडून आला, वाजतगाजत. मी पडलो. पडलो म्हणजे किती, ते विचारू नकोस. फलाहच्या इथल्या कुटुंबांनी आपल्याच एका जावयाला मतं दिली आणि माझ्या तोंडाला पानं पुसली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाने पुन्हा मिठाईचा डबा पाठवला. ऑफिसात कुणी तो उघडलाही नाही.

तिघांपैकी एकही आला नाही. दोन जण पक्ष सोडून गेले. टॅक्सीत आता पाय पसरून बसता येतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. उत्तर लिहायचा खूप प्रयत्न केला. प्रत्येक वेळी पहिल्या वाक्यातच वकिली सुरू होते आणि मी कागद फाडतो. नायफचा फोटो समोरून काढून मागच्या भिंतीवर लावला होता. परवा पुन्हा समोर लावला.

मी घरी येऊ का? काका मला बघतील का?

दिरार

खिरबत अल-लोझ
२७ नोव्हेंबर १९९३

दिरार,

बाबांना विचारलं. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पण कॉफीचे दाणे निवडत होते, ते निवडायचे थांबले.

ये. शुक्रवारी ये. एकटा ये, आपल्या अंगाच्या कपड्यात ये. प्याला तुझ्यापुढे ठेवला जाईल. तू तो खाली ठेव. या वेळी मागायचं असेल ते स्वतःसाठी माग, आणि उत्तर येईपर्यंत बस. काय उत्तर येईल मला माहीत नाही. मी त्यांच्याकडून काही घोकून घेतलेलं नाही.

मी घरी नसेन. जैतून उतरवायचे राहिलेत, नायफच्या वाटणीची झाडंही या वर्षी मलाच करायची आहेत. पोळीखाली डाळ झाकून ठेवीन.

तमाधुर

अम्मान
६ डिसेंबर १९९३

काकांच्या लेकी,

तू मुद्दाम बागेत गेलीस, म्हणून काय झालं ते मीच सांगायला हवं. काका सांगणार नाहीत.

ते तुतीखाली बसले होते. मी समोर बसलो. त्यांनी प्याला भरून पुढे ठेवला, मी तो खाली ठेवला. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही आठवेना. शेवटी काकाच बोलले.

"त्या शुक्रवारी तू काय मागायला आला होतास? तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं."

मी म्हटलं, "नायफच्या जिवाची माफी."

"कुणासाठी?"

"फलाहच्या भाच्यासाठी."

"आणि तुला काय मिळणार होतं?"

"मतं, काका."

त्यांनी मान हलवली. एखादा मोठा व्यवहार समजून घ्यावा तशी, अगदी सावकाश. गल्लीतून मेंढ्या गेल्या, सख्रने भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि तो पळाला. कॉफी निवली. मी प्याल्याकडेच बघत होतो, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग ते म्हणाले, "नाही."

मला वाटलं, मला म्हणतायत. पण ते पुढे म्हणाले, "राहू दे ती कॉफी तशीच. न्यायाधीशाने सांगू दे, मग बघू."

तू पत्रात लिहिलेलं वाक्य, शब्दन् शब्द. त्या दिवशीचं उत्तर त्यांनी मला आता दिलं. कायद्याने त्याला काडीची किंमत नाही, तक्रार मागे गेली ती गेलीच. मी वकील आहे, मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असावं. तरी त्यांनी ते दिलं, आणि मी ते घेतलं. माफी मागायची राहूनच गेली. मागायला तोंड उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी प्याला उचलला, कॉफी झाडाच्या मुळाशी ओतली आणि म्हणाले, "जेवला नसशील. आत डाळ आहे, घेऊन ये इथेच."

मी ताट घेऊन आलो. उजवीकडच्या खुर्चीत बसून खाल्लं. मीठ थोडं कमी होतं.

सरकारी खटल्याची तारीख जानेवारीत आहे. साक्षीला उभं राहायचा मला अधिकार नाही, पण मागच्या बाकावर बसायचा सगळ्यांना असतो. मी बसेन. काकांना विचार, ते येतील का.

दिरार

खिरबत अल-लोझ
१४ डिसेंबर १९९३

दिरार,

येतील. अबू रातिबने पुढची सीट ठेवतो म्हणून सांगितलंय. मीठ कमी नव्हतं, तुझीच जीभ अम्मानची झालीय.

काल शेजारची उम्म सख्र आली होती, जैतुनाच्या तेलाची बाटली घेऊन. मी आत पीठ मळत होते. बाबांनी तिला प्याला भरून दिलेला ऐकू आला. नेहमीसारखी शांतता. मी मनात म्हटलं, आता निवेल, मग ती भिंतीच्या कडेला ठेवेल, मग उठेल. तेवढ्यात बाबा म्हणाले, "प्या."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. मोठ्यांदा, पिठाच्या हातांनी, लाज सोडून. उम्म सख्र धावत आत आली. "अगं बाई, काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "नायफ गेला."

तमाधुर